कासवाचे जेवण



महादेवाच्या देवळात नंदीजवळ फरशीत कोरलेले कासव तुम्ही सर्वांनी पाहिले असेल. त्याच्यावर पाय पडू नये म्हणून आपण जपून चालतो. कुणी त्याला हळदकुंकू वाहते, कुणी फूल वाहते, कुणी पुढे साखरफुटाणे ठेवते. ते कासव दगडाचे, त्यामुळे त्याला काहीही चालते. पण जिवंत कासवाचे तसे नाही बरं का! त्याच्यापुढे भाकरी ठेवली, भात ठेवला, केळे ठेवले, तर ते गुमान खाऊन टाकते. त्या दिवशी त्याला काही होत नाही. दुसऱ्या दिवशीही होत नाही. महिना-दोन महिने काहीच दिसत नाही. मग हळूहळू त्याची पाठ वेडीवाकडी होते, चोच वाढते, पाय उचलेनासे होतात, आणि एक दिवस ते मरते. घरचे लोक हळहळतात, "एवढे लाड केले, रोज गोडधोड घातले, तरी कसे मेले?"

कासव सावकाश चालते हे आपल्याला सशाच्या गोष्टीपासून माहीत आहे. पण त्याचे दुखणेसुद्धा सावकाश येते, हे फार थोड्यांना माहीत असते. कोंबडी आजारी पडली तर दोन दिवसांत कळते. शेळीने चुकीचा पाला खाल्ला तर संध्याकाळपर्यंत पोट फुगते. कासवाचे तसे नाही. म्हणून त्याला काय खायला द्यावे, ते आधीच शिकून घ्यावे लागते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवू. आपल्या देशातली रानातली कासवे घरी पाळायला कायद्याने बंदी आहे. ते पुढे सविस्तर येईलच. मग तुम्ही विचाराल, हे सगळे वाचायचे कशाला? तर त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे, शहरात आपल्या एखाद्या नातेवाइकाकडे परदेशी जातीचे कासव असते, आणि सुट्टीत गेल्यावर आपणच हौसेने त्याला बिस्किट भरवतो. दुसरे म्हणजे, कासव काय खाते हे कळले की ते कुठे राहायला हवे, हेही आपोआप कळते.

सगळी कासवे सारखी नसतात

मराठीत आपण सगळ्यांनाच 'कासव' म्हणतो. पण त्यांचे तीन मोठे गट करता येतात.

समुद्रातल्या कासवांना पायांऐवजी वल्ह्यासारखे पर असतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले कासवे याच गटातली. ती खेकडे, कोळंबी असे खातात. मात्र याच गटातले हिरवे समुद्री कासव मोठे झाले की मुख्यतः समुद्रातले गवत आणि शेवाळ खाते.

तळ्यात, नदीत, विहिरीत राहणारी कासवे चपटी असतात आणि त्यांच्या बोटांमध्ये बदकासारखे पडदे असतात. आपल्याकडे तळ्यात मऊ कातडीच्या पाठीचे कासव सापडते, ते याच गटातले. ते बेडूक, गोगलगायी, मासे खाते आणि पाणवनस्पतीही खाते.

तिसरा गट जमिनीवरच्या कासवांचा. यांची पाठ घुमटासारखी उंच असते आणि पाय हत्तीच्या पायासारखे खांबट असतात. यांना पोहता येत नाही, म्हणून असे कासव दिसले तर दया करून त्याला विहिरीत सोडू नका. ते बुडून मरेल. या गटातली बहुतेक कासवे शाकाहारी आहेत. आजचा आपला लेख त्यांच्याविषयी आहे.

दात नाहीत, तरी खाते कसे?

कासवाला एकही दात नसतो. त्याच्या जबड्यांवर पोपटासारखी कठीण चोच असते. ही चोच आपल्या नखांच्याच पदार्थाची बनलेली असते आणि नखांसारखीच जन्मभर वाढत राहते. माळावरचे चरबट गवत, जाड पाने, काटक्या कातरताना ती झिजते. जितकी वाढते तितकी झिजते, म्हणून बेताची राहते. पण कासवाला रोज मऊ मऊ भात, पिकलेली फळे अशा वस्तू मिळाल्या, तर चोच झिजणार कशाने? ती खाली वाकून वाढत जाते आणि पुढे पुढे कासवाला तोंडच नीट मिटता येत नाही.

कासव चावत नाही. पान तोडते आणि गिळते. मग ते पचते कुठे? गाय आधी चारा पोटात भरून घेते आणि मागून रवंथ करते, हे आपण रोज गोठ्यात पाहतो. कासव रवंथ करीत नाही. त्याच्या मोठ्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. ते गवताचे चिवट तंतू सावकाश आंबवतात आणि त्यातून कासवाला शक्ती मिळते. या कामाला कित्येक दिवस लागतात. म्हणजे कासवाच्या पोटात एक लहानसे आंबवण्याचे रांजणच असते म्हणा ना!

हे जंतू तंतुमय चाऱ्यावर जगणारे. त्यांच्या वाट्याला एकदम गोड फळे किंवा पीठ आले, तर पोटातली घडी बिघडते. नको ते जंतू वाढतात, वायू धरतो, जुलाब होतात. ओल्या हिरव्या लसूणघासावर गाय जास्त तुटून पडली तर तिचे पोट फुगते, हे पालकांना सांगायला नकोच. पोटाला ज्याची सवय, त्याच्यापेक्षा वेगळे एकदम देऊ नये, हा नियम गोठ्यातही आहे आणि कासवालाही आहे.

पाठ म्हणजे जेवणाची वही

पुष्कळांना वाटते की कवच म्हणजे कासवाचे घर, आणि ते त्यातून बाहेर येऊ शकते. हे खरे नाही. कवच हे कासवाच्या हाडांचेच बनलेले आहे. त्याचा कणा आणि बरगड्या कवचाला आतून पक्क्या जोडलेल्या असतात. साठच्या आसपास हाडे एकत्र येऊन हे कवच होते आणि त्याच्यावर नखाच्या पदार्थाचे खवले बसवलेले असतात. आपली हाडे शरीराच्या आत झाकलेली असतात. कासवाची हाडे मात्र पाठीवर उघड दिसतात. म्हणून त्याने काय खाल्ले, ते त्याच्या पाठीवर लिहिले जाते.

हाडांना कॅल्शियम लागते. शेतकरी मंडळींना खताच्या पोत्यावरचे 'स्फुरद' माहीत आहे. हे स्फुरदही हाडांना लागते. पण दोन्हींचे प्रमाण बरोबर हवे. कासवाच्या आहारात कॅल्शियम हे स्फुरदाच्या दुप्पट किंवा त्याहून थोडे अधिक असावे, असे प्राण्यांचे डॉक्टर सांगतात. हिरव्या पानांत बहुधा असे प्रमाण असते. केळ्यात आणि टोमॅटोत उलटे असते. त्यांत कॅल्शियम कमी आणि स्फुरद जास्त. कोंडा, धान्य, मांस यांतही तसेच. असे अन्न रोज मिळाले तर शरीर हाडांतले कॅल्शियम काढून घेऊ लागते. मग कवच मऊ पडते, बोटाने दाबले तर दबते, आणि पायांची हाडे वाकतात.

दुसरी खोड म्हणजे पाठीवर उंचवटे येणे. निरोगी कासवाची पाठ बहुधा गुळगुळीत घुमटासारखी असते. वाढीच्या वयात पिल्लाला फार कोरड्या जागेत ठेवले आणि चुकीचे खायला घालून भराभर वाढवले, तर एकेक खवला टेकडीसारखा वर येतो. एकदा आलेल्या टेकड्या परत सपाट होत नाहीत. (आपल्याकडच्या स्टार कासवाच्या पाठीवर निसर्गतःच थोडे उंचवटे असतात, ती मात्र खोड नव्हे.)

मग वाढायचे काय?

इंग्लंडमध्ये भूमध्य समुद्राकाठच्या देशांतली लहान जमिनीवरची कासवे घरच्या बागेत पाळण्याची जुनी पद्धत आहे. पूर्वी ती रानातून पकडून बोटी भरभरून आणीत. प्रवासात आणि नंतर थंडीत त्यांतली पुष्कळ मरत. जी जगत त्यांना लोक पाव आणि दूध देत! कासव काही गाईचे वासरू नव्हे. दूध पचवणे हे त्याच्या पोटाचे कामच नाही. पुढे १९८४ साली ब्रिटनमध्ये या रानटी कासवांच्या आयातीवर बंदी आली. आता तिथे घरी जन्मलेली कासवे पाळतात, आणि त्यांचा आहार कसा असावा हे अनुभवाने पुष्कळ ठरले आहे. तो आहार असा:

१. दहा घासांतले नऊ घास रानपाल्याचे आणि गवताचे. तण म्हणून आपण जे उपटून फेकतो, तेच कासवाचे पक्वान्न.

२. जास्वंदीची पाने आणि फुले, तुतीचा पाला, गुलाबाच्या पाकळ्या (औषध न फवारलेल्या), भोपळ्याची पाने, हरळी. ही सगळी झाडे आपल्या गावात आहेत, पहा!

३. फड्या निवडुंगाचे कोवळे फड, काटे काढून. त्यात पाणीही असते आणि कॅल्शियमही असते.

४. गाजर, लाल भोपळा असे अधूनमधून थोडे.

५. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा. कासव त्याला वाटेल तेव्हा कुरतडते. त्याने चोचही झिजते.

यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रोज तेच तेच न देणे. एका पाल्यात एक गुण असतो, दुसऱ्यात दुसरा. पालकाचेच उदाहरण घ्या. आपल्याला वाटते, पालक म्हणजे पौष्टिक. पण पालकात ऑक्झॅलिक आम्ल असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. कधीतरी दोन पाने दिली तर बिघडत नाही, पण रोज पालकच दिला तर कॅल्शियम पोटात जाऊनही कामी येत नाही. काकडी आणि सॅलडची पाने यांत शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच असते. पोट भरते पण पोषण होत नाही. पाच-सहा प्रकारचा पाला मिसळून दिला, तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आपल्या घरी आई एक दिवस मेथी, एक दिवस अंबाडी, एक दिवस शेवग्याचा पाला करते, त्यात हेच शहाणपण आहे.

हे देऊ नये

भाकरी, पोळी, भात, पाव, बिस्किटे देऊ नयेत. ते पिठूळ अन्न आहे. दूध, दही, पनीर देऊ नये. मांस, अंडी, कुत्र्या-मांजरांचे तयार खाद्य देऊ नये. त्यांत प्रथिने फार असतात आणि त्यांचा ताण कासवाच्या मूत्रपिंडावर पडतो. पिकलेले केळे, आंबा, द्राक्षे ही भूमध्य भागातल्या किंवा माळावरच्या कासवाला रोज देऊ नयेत. कासवाला रंग दिसतात आणि लाल-पिवळ्या रंगाकडे ते हमखास वळते. म्हणून ते आवडीने फळ खाईल. पण आवडते ते सगळे मानवतेच असे नाही. आपल्यालाही रोज जत्रेतली रेवडी आवडेलच की!

विषारी झाडांची नावे पाठच करा: कण्हेर, धोतरा, घाणेरी, एरंड. ही झाडे जवळ नसावीत. तसेच शेताच्या बांधावर तणनाशक किंवा कीटकनाशक फवारले असेल, तर तिथला पाला कासवाला काय, शेळीलाही घालू नये.

इथे एक सूचना. सगळ्या जमिनीवरच्या कासवांना हाच नियम लागू नाही. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात लाल पायांचे एक कासव आहे. ते झाडाखाली पडलेली फळे भरपूर खाते आणि थोडे प्राणिजन्य अन्नही खाते. कारण त्याचे घर जंगलात आहे. ज्याचे घर जसे, त्याचे जेवण तसे.

ऊन हाही आहारच

नुसता चांगला पाला देऊन भागत नाही. कासवाचे रक्त आपल्यासारखे स्वतःहून गरम राहत नाही. उन्हात बसले की त्याचे अंग तापते, आणि अंग तापल्यावरच पचन सुरू होते. थंड अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेल्या कासवाच्या पोटात चारा तसाच पडून राहतो. शिवाय उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार होते. ते नसेल तर खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने हे काम होत नाही, कारण काच ते किरण अडवते. म्हणून काचेच्या पेटीत ठेवलेले कासव उत्तम पाला खाऊनही मुडदुसासारख्या आजाराने खंगू शकते.

त्याला उथळ ताटलीत पाणी हवे. कासव नाक आणि तोंड पाण्यात बुडवून पाणी पिते. आणि सावलीही हवीच, नाहीतर उन्हाने ते मरेल.

तीन म्हाताऱ्या कासवांची हकीकत

आता जगातल्या तीन कासवांची माहिती ऐका.

पहिले इंग्लंडमधले टिमथी. सेलबोर्न गावात गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक पाद्री राहत. त्यांना निसर्गाचे बारीक निरीक्षण करण्याचा छंद होता. १७८० साली त्यांच्या आत्याच्या मृत्यूनंतर तिच्याकडचे हे कासव त्यांनी आणले. ते काय खाते, केव्हा झोपते, पावसाआधी काय करते, हे सगळे ते लिहून ठेवीत. टिमथीला चीक येणाऱ्या दुधाळ वनस्पती फार आवडतात, असे त्यांनी नोंदवले आहे. आपल्या शेतात पाथरीची भाजी उगवते, तिचे पान तोडले की पांढरा चीक येतो. टिमथीच्या आवडीच्या वनस्पती या पाथरीच्याच कुळातल्या. त्यांचे पुस्तक १७८९ साली निघाले. टिमथी १७९४ साली मेले. गंमत अशी की, जन्मभर ज्याला नर समजले ती मादी होती, हे मागाहून कवच तपासल्यावर कळले!

दुसरे आपल्या देशात राहिलेले अद्वैत. कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात हे भले मोठे कासव होते. ते हिंदी महासागरातल्या अल्डाब्रा बेटांवरच्या जातीचे. ते रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेतले होते, असे सांगतात. त्याला गव्हाचा कोंडा, गाजर, भिजवलेले हरभरे, पाव आणि गवत देत असत. २००६ सालच्या मार्च महिन्यात ते मेले. त्याआधी त्याच्या कवचाला भेग पडून जखम झाली होती.

तिसरे जोनाथन. नेपोलियनला जिथे कैदेत ठेवले, ते सेंट हेलेना बेट इतिहासाच्या पुस्तकात येते. तिथल्या गव्हर्नरच्या बंगल्याच्या आवारात जोनाथन हे कासव राहत आले. १८८२ साली ते सेशेल्स बेटांवरून तिथे आणले, तेव्हाच ते पूर्ण वाढलेले होते. म्हणून त्याचा जन्म १८३२ च्या सुमारास झाला असे धरतात, आणि २०२२ साली त्याचा १९० वा वाढदिवस साजरा झाला. म्हातारपणी त्याला मोतीबिंदूने दिसेनासे झाले, वासही येईनासा झाला. त्यामुळे त्याला चांगले गवत शोधता येईना. त्याची चोच बोथट होऊन तिचा भुगा पडू लागला, आणि बोथट चोचीने गवत तुटेना. तेव्हा बेटावरच्या पशुवैद्यांनी आठवड्यातून एकदा स्वतःच्या हाताने त्याला कोबी, गाजर, काकडी, सफरचंद, केळे अशा निरनिराळ्या भाज्या आणि फळे भरवायला सुरुवात केली. बाकीचे दिवस तो गवत चरतच होता. काही काळाने त्याची चोच पुन्हा धारदार झाली!

तुम्ही म्हणाल, वर तर फळे देऊ नका असे सांगितले, मग जोनाथनला कशी चालली? बरोबर विचारलेत. जोनाथनचे रोजचे जेवण गवतच होते. फळे-भाज्या हे आंधळ्या म्हाताऱ्यासाठी आठवड्यातून एकदा दिलेले टॉनिक होते. गवत बंद करून फळे दिली असती तर गोष्ट निराळी झाली असती.

कासवीची नजर

आपल्या संतांच्या वाङ्मयात कासवीचा दाखला वारंवार येतो. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने पोसते, असा तो दाखला आहे. देवाची माया सांगायला संतांनी तो दिला, आणि तो फार गोड आहे. निसर्गात मात्र कासवी माती उकरून अंडी घालते, वर माती लोटते आणि निघून जाते. पिल्लू बाहेर येते तेव्हा त्याच्या पोटात अंड्यातला थोडा बलक शिल्लक असतो. त्यावर त्याचे पहिले काही दिवस निघतात. मग ते आपले आपण चरू लागते. त्याला हे खा, ते खाऊ नको, असे सांगणारे कुणी नसते.

मग ते चुकत कसे नाही? कारण माळावर चुकण्यासारखे फारसे नसतेच. तिथे भाकरी नाही, पाव नाही, बिस्किट नाही. तिथे शंभर प्रकारचे गवत आणि पाला असतो, आणि चालत चालत एकेका झुडपाचे दोन दोन घास घेतले की आहार आपोआप निरनिराळा होतो. गोड फळ वर्षातून थोडे दिवस मिळते. म्हणजे माळरान हीच त्याची आई. कासवाला घरात आणले की ती आई सुटते, आणि तिचे काम आपल्याला करावे लागते. ते फार अवघड आहे.

आपल्या देशातले स्टार कासव

गुजरात, राजस्थान, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू या भागांतल्या कोरड्या माळांवर एक सुंदर कासव राहते. काळसर पाठीवर पिवळ्या रेघा चांदणीसारख्या फुटलेल्या असतात. याला स्टार कासव म्हणतात. ते सिंध आणि श्रीलंकेतही आहे. गवत, रानपाला, फुले, निवडुंग, खाली पडलेली फळे हे त्याचे अन्न. पहिला पाऊस पडून माळ हिरवा झाला की त्याची चंगळ असते.

याच सौंदर्यापायी त्याच्यावर संकट आले. घरात ठेवले की लक्ष्मी येते, अशी समजूत पसरवून लोक ते चोरून विकतात. पोत्यात, पेटीत, कपड्यांच्या घड्यांत कोंबून ते दूर दूर पाठवतात. तहानेने आणि गुदमरून पुष्कळ कासवे वाटेतच मरतात. २०१९ साली देशादेशांमधल्या करारानुसार त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी आली. आपल्या देशात १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. २०२२ साली त्यात दुरुस्ती झाली आणि हे कासव पहिल्या परिशिष्टात आले. तळ्यातले मऊ पाठीचे कासवही याच परिशिष्टात आहे. ही कासवे पकडणे, पाळणे, विकणे आणि विकत घेणे, सगळे गुन्हे आहेत. परदेशी जातींतल्याही ज्या दुर्मीळ आहेत, त्या बाळगणाऱ्यांसाठी २०२४ साली नोंदणीचे नियम आले.

पालकांनो, लक्ष्मीचे म्हणाल तर ती कष्टाने येते. कोंडून ठेवलेल्या मुक्या जीवाच्या पाठीवर बसून ती कशी येईल?

आणखी एक. शहरात दुकानांतून लाल कानाची लहान पाणकासवे विकतात. ती परदेशी आहेत. मोठी झाली की लोक कंटाळून त्यांना तळ्यात सोडतात. ती आपल्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावतात. म्हणून ती गावच्या तळ्यात सोडू नयेत.

कासव रानाला काय देते?

आतापर्यंत आपण कासवाला काय द्यावे ते पाहिले. आता त्याने दिलेले पाहू.

अल्डाब्रा बेटांवर एक लाखाच्या आसपास राक्षसी कासवे आहेत. ती पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी चरत आल्यामुळे तिथे बुटक्या वनस्पतींची हिरवळ तयार झाली आहे. तिच्यात वीसेक जातींची गवते आणि रोपे आहेत. कासवाच्या तोंडी येऊ नये म्हणून ती जमिनीलगतच वाढतात, आणि बीसुद्धा खालीच धरतात.

मॉरिशसजवळच्या एका लहान बेटावर काळ्या आबनूस लाकडाची झाडे तोडून तोडून थोडीच उरली होती. फळे झाडाखालीच पडून राहत, कारण ती खाऊन बी दूर नेणारी तिथली मूळची कासवे माणसांनी केव्हाच संपवली होती. २००० सालापासून शास्त्रज्ञांनी तिथे अल्डाब्राची कासवे नेऊन सोडली. त्यांनी फळे खाल्ली, बी शेणातून लांब लांब पडले, आणि नवी रोपे उगवली. कासवाच्या पोटातून गेलेले बी अधिक चांगले रुजते, असेही दिसून आले. म्हणजे कासव हा रानाचा पेरणी करणारा गडी आहे. त्याला बैल नको, पाभर नको.

लक्षात ठेवा

१. जमिनीवरचे कासव पाण्यात सोडू नये.

२. कासवाला भाकरी, भात, बिस्किट, दूध देऊ नये. कुणी देत असेल तर नम्रपणे कारण सांगावे.

३. रोज एकच पाला देऊ नये. पाच-सहा प्रकारचा रानपाला मिसळावा.

४. ऊन, सावली आणि पाणी हे पाल्याइतकेच गरजेचे.

५. रस्त्यावर कासव आडवे जाताना दिसले, तर ते ज्या दिशेला चालले असेल त्याच दिशेच्या कडेला अलगद ठेवावे. घरी आणू नये. जखमी असेल किंवा कुणी विकत असेल तर वनरक्षकांना कळवावे.

६. उन्हाळ्यात माळ आणि बांध पेटवताना आधी विचार करावा. पळता न येणारे जीव त्या गवतात असतात, आणि ते गवत हेच त्यांचे ताट असते.

कासवाला आपल्या हातचा घास लागत नाही. त्याचा माळ हिरवा राहिला, तर त्याचे ताट वाढलेलेच असते.